थियारॉयची माती : जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराचं एक प्रकरण

नोव्हेंबर २००७ मध्ये सेनेगलची राजधानी डाकारच्या उपनगरात लहान मुलं आजारी पडून दगावू लागली. मार्च २००८ पर्यंत १८ मुलं गेली, सगळी एकाच वस्तीतली. आजार मेंदूचा होता आणि झपाट्यानं वाढत होता. तो कशामुळे होतोय हे मात्र कळत नव्हतं. लहान मूल अचानक मलूल झालं, त्याला झटके आले, शुद्ध हरपली, तर पश्चिम आफ्रिकेत डॉक्टरच्या मनात आधी मलेरिया येतो, मग मेंदूज्वर. शिसं सहसा येत नाही.

वस्तीचं नाव थियारॉय-स्यूर-मेर, म्हणजे समुद्राकाठचं थियारॉय. मूळची कोळ्यांची वस्ती, आता डाकारच्या पसाऱ्यात मिसळून गेलेली. तिच्यातल्या न्गान्य जाव नावाच्या भागात १९९० च्या दशकापासून जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा धंदा चालत होता. जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला शिशाची वजनं ओवतात. आपल्या कोकणातल्या कोळ्यांना हे सांगायला नको. शिसं वितळवणारे लोहार, ते विकत घेणारे कोळी आणि शहरात भंगारात निघणाऱ्या बॅटऱ्या असं सगळं जवळजवळच होतं. हा धंदा कोणी चोरून करत नव्हतं. त्यात काही वावगं आहे असं वाटण्याचं कारणही तिथल्या लोकांना नव्हतं.

गाडीची बॅटरी ही जगात सर्वाधिक पुनर्वापर होणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. अमेरिकेत तिचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. जगात दरवर्षी वापरलं जाणारं निम्म्याहून जास्त शिसं खाणीतून नव्हे, तर जुन्या मालातून येतं. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून शोभावी अशी ही गोष्ट आहे. थियारॉयमध्येही बॅटऱ्यांचा पुनर्वापरच चालला होता. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. ‘पुनर्वापर’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामं झाकली जातात, आणि आपण दोन्हींना सारखेच गुण देतो.

तपासात काय निघालं

मृत मुलांचं शवविच्छेदन शक्य नव्हतं. म्हणून तपास करणाऱ्यांनी जिवंत असलेल्यांकडे पाहिलं. दगावलेल्या मुलांची ३२ भावंडं आणि २३ आया तपासल्या. शिवाय त्याच भागात राहणारी, पण घरात बॅटरीच्या धंद्याशी काहीही संबंध नसलेली १८ मुलं आणि ८ मोठी माणसं घेतली. असे एकूण ८१ जण.

८१ पैकी ८१ जणांच्या अंगात शिशाची विषबाधा निघाली.

या आकड्यातल्या शेवटच्या २६ जणांपाशी मी नेहमी थांबतो. त्यांच्या घरात कोणी बॅटरी फोडत नव्हतं, कोणी शिसं वितळवत नव्हतं. ते फक्त तिथे राहत होते. धंदा कोणी करायचा हे माणूस ठरवू शकतो, पण कोणत्या गल्लीतली धूळ आपल्या पोराच्या हाताला लागेल हे ठरवू शकत नाही.

५० मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं. सगळ्यात कमी निघालं ते दर डेसिलिटरला ३९.८ मायक्रोग्रॅम. सरासरी १२९.५ आणि सगळ्यात जास्त ६१३.९. त्या काळी अमेरिकेत १० मायक्रोग्रॅमला धोक्याची घंटा मानत, आज ती पातळी ३.५ वर आणली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दहा वर्षांच्या आतल्या मुलाचं शिसं ४५ वर गेलं की रक्तातून ते ओढून काढणारी औषधं द्यायची असतात. मेंदूला सूज येऊन जीव जाण्याची भीती साधारण ७० ते १०० च्या पुढे सुरू होते. या वस्तीतली सरासरी त्याच्याही वर होती. १७ मुलांमध्ये मज्जासंस्थेच्या गंभीर बिघाडाची लक्षणं दिसत होती. दगावलेल्या १८ मुलांपैकी बहुतेक, कदाचित सगळीच, शिशानं मेंदूवर केलेल्या आघातानं गेली असावीत असा निष्कर्ष निघाला. शवविच्छेदन नसल्यानं अभ्यासकांनी तो परिस्थितीजन्य पुराव्यावर मांडला, आणि तसं स्पष्ट म्हटलं. त्या भागातल्या सुमारे ९५० रहिवाशांपैकी बहुतेकांना विषबाधा झालेली असणार, असंही त्यांनी नोंदवलं.

मग माती तपासली. घरांच्या आत एका किलो धुळीत १४,००० मिलिग्रॅमपर्यंत शिसं होतं. बाहेर हाच आकडा ३,०२,००० मिलिग्रॅमपर्यंत गेला.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ३,०२,००० मिलिग्रॅम म्हणजे ३०२ ग्रॅम. किलोभर मातीत पाव किलोहून जास्त शिसं. मुलं खेळतात त्या उघड्या मातीसाठी अमेरिकेत तेव्हा किलोमागे ४०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, म्हणजे ही माती तिच्या साडेसातशे पट. दुसरी तुलना मला याहून बोलकी वाटते. शिशाच्या खाणीतून निघणाऱ्या कच्च्या खनिजात शिशाचं प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आत असतं. थियारॉयच्या गल्लीतल्या काही जागी ते तीस टक्के होतं. खाणीपेक्षा श्रीमंत माती घराच्या दारात पडली होती.

माती इतकी श्रीमंत का झाली

बॅटरीचा खोका फोडला की आत प्लेटा दिसतात. प्लेट म्हणजे शिशाची जाळी आणि त्या जाळीत दाबून भरलेला लगदा. जाळी आणि प्लेटा जोडणारे पट्टे धातूच्या रूपातलं शिसं असतं. लगदा मात्र शिशाची संयुगं असतो, मुख्यतः लेड सल्फेट आणि लेड ऑक्साइड. बॅटरी ‘बसली’ असं आपण म्हणतो, तेव्हा या लगद्यातलं बरंचसं सल्फेट होऊन घट्ट झालेलं असतं. बॅटरीतल्या शिशाचा मोठा वाटा या लगद्यातच असतो.

धातूचं शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याला कारखाना लागत नाही. कोळशाची शेगडी आणि लोखंडी कढई असली की काम होतं. लोखंड वितळवायचं तर १५०० अंशांच्या पुढची भट्टी हवी, म्हणून परसात कोणी पोलाद गाळत नाही. शिसं मात्र कोणीही गाळू शकतं. या धातूचा सगळा घोळ या एका गुणात आहे.

पण लगद्याचं तसं नाही. त्याच्यातून शिसं सोडवायला हजार अंशांच्या आसपासची भट्टी लागते, आणि सोबत कोळसा, लोखंडाचा कीस, सोडा असं काय काय मिसळावं लागतं. परसातल्या कढईत ते होत नाही. तिथे जाळी वितळते, आणि लगद्यातला बराचसा भाग मळी, राख आणि भुकटी होऊन बाजूला पडतो. बॅटरी फोडतानाच तो सांडतो. वाळला की पिठासारखा होतो. पायाखाली तुडवला जातो, वाऱ्यावर उडतो, जमिनीत मुरतो. शिसं हवेत विरून जात नाही आणि मातीत कुजतही नाही. दहा-बारा वर्षांत किती बॅटऱ्यांचा लगदा न्गान्य जावच्या वाळूत गेला असेल!

म्हणजे परसातला पुनर्वापर नुसता घातक नाही, तो अर्धवटही आहे. बॅटरीतलं सोपं शिसं तो काढून घेतो आणि अवघड शिसं वस्तीत टाकून जातो.

भाव चढला

एवढी वर्षं धंदा चालू होता, मग मुलं २००७ च्या शेवटीच का दगावली? या प्रश्नाचं उत्तर वस्तीत मिळत नाही, ते लंडनच्या धातुबाजारात शोधावं लागतं.

२००२ मध्ये शिशाचा सरासरी भाव टनाला साडेचारशे डॉलरच्या आसपास होता. ऑक्टोबर २००७ मध्ये तो चार हजार डॉलरच्या उंबरठ्यावर पोचला. पाच वर्षांत जवळजवळ नऊपट. चीनमध्ये आणि आपल्याकडेही वाहनं वाढत होती, प्रत्येक वाहनात एक बॅटरी. त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स बंदरातून शिशाची भुकटी उघड्यावर चढवली जात होती. तिच्या धुळीनं हजारो पक्षी मेले, आणि मार्च २००७ मध्ये तिथली शिशाची वाहतूक थांबवली गेली. मोठी खाण बाजारातून बाहेर गेली, आणि तेजीला आणखी हातभार लागला. पक्षी मेल्यावर ऑस्ट्रेलियात काम थांबलं हे योग्यच झालं. पण थांबलेलं शिसं बाजारात दुसरीकडून येणारच होतं, आणि ते जिथे पक्ष्यांची काय, माणसांचीही मोजदाद होत नाही अशा ठिकाणांहूनही येणार होतं.

भाव इतका चढल्यावर थियारॉयमध्ये बॅटरीच नव्हे, जमिनीतली मातीही विकण्याजोगी झाली. लोक जुनी माती उकरू लागले. उकरून, चाळून, शिशाचे कण आणि तुकडे वेगळे काढून वजनावर विकायचे. हे काम मुख्यतः बायकांकडे आलं. चाळणी घरात होती, माती दारात होती, चार पैसे मिळत होते. सेनेगलमध्ये तान्हं मूल आईच्या पाठीला फडक्यानं बांधलेलं असतं, आणि चालू लागलेलं मूल तिच्या आसपास मातीत खेळतं. वर्षानुवर्षं दबून राहिलेली शिशाची भुकटी चाळणीतून उडून पुन्हा हवेत आली, आणि नेमकी त्या मुलांच्या नाकातोंडाच्या उंचीवर.

त्या बायकांना कोणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. शिसं दिसायला राखाडी आहे, त्याला वास नाही, ते जळजळत नाही, लगेच उलटी होत नाही. त्याच्या धोक्याची सूचना देणारं ज्ञानेंद्रिय माणसाकडे नाही. त्या शहरातल्या ज्या गाड्यांमधून त्या बॅटऱ्या निघाल्या, त्यांच्या मालकांनाही बॅटरी पुढे कुठे जाते हे माहीत नव्हतं. ज्या व्यापाऱ्यानं चाळलेला माल पोत्यानं उचलला, त्याला मात्र तो काय उचलतोय ते माहीत असणार.

मुलंच का

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. गिळलेल्या शिशापैकी जेवढं मोठ्या माणसाच्या रक्तात जातं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या जातं. पोटात अन्न कमी असेल, लोह आणि कॅल्शियमची कमतरता असेल, तर आणखी. म्हणजे ज्या घरात पोषण कमी, तिथे त्याच धुळीतून विष जास्त. मेंदूभोवतीचं संरक्षक कवच लहानपणी कच्चं असतं. आणि मूल हात तोंडात घालतंच, ते त्याचं काम आहे.

जी मुलं मरत नाहीत त्यांचं काय होतं हे फारसं नजरेत भरत नाही. बुद्धी थोडी मंद होते, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. शाळेत मास्तर म्हणतात, पोरगं अभ्यासात कच्चं आहे. कोणी रक्त तपासत नाही.

सरकारनं काय केलं

मार्च २००८ च्या सुमारास सेनेगल सरकारनं वस्तीतल्या बॅटऱ्या आणि दूषित माती उचलायला सुरुवात केली आणि वर नवी वाळू टाकली. जूनमध्ये सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेचं पथक आलं. अमादू दियूफ यांच्या नेतृत्वाखालचं सेनेगलचं विषनिवारण केंद्र या कामात होतं. माती उचलल्यानंतरही धोका संपला नव्हता, कारण शिसं एव्हाना घराघरांत शिरलं होतं. भिंतीच्या भेगा, चटया, पांघरुणं, कपाटांवरची धूळ, सगळीकडे. अशी धूळ केरसुणीनं झाडली तर ती पुन्हा उडते. ती ओल्या फडक्यानं पुसावी लागते, किंवा बारीक गाळणी असलेल्या यंत्रानं ओढावी लागते. पुढे ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संस्थाही वस्तीच्या सफाईत उतरली.

औषधाची बाजू याहून कठीण. रक्तातलं शिसं बांधून लघवीवाटे काढणारी औषधं आहेत, पण ती महाग असतात, गरीब देशांत साठ्यात नसतात. शिवाय मूल बरं होऊन त्याच धुळीच्या घरात परतलं तर उपचार वाया जातो. आधी घर स्वच्छ, मग मूल घरी, असा क्रम लागतो. ९५० माणसांच्या वस्तीत हा क्रम पाळायचा म्हणजे काय, याचा विचार केला तरी पुरे.

नीट केलं तर कसं करतात

जाणकार कारखान्यात बॅटरी माणूस कुऱ्हाडीनं फोडत नाही. बंदिस्त यंत्रात तिचा चुरा होतो, आणि तो पाण्यात सोडतात. प्लॅस्टिक तरंगतं, शिसं तळाला बसतं. ॲसिड गोळा करून चुन्यानं मारतात किंवा त्यातून उपयोगी क्षार काढतात. लगद्यातलं गंधक आधी सोड्यानं काढून तो भट्टीत जातो. भट्टीचा धूर कापडी गाळण्यांच्या रांगेतून जातो. कामगार कामाचे कपडे कारखान्यातच उतरवतो, आंघोळ करून घरी जातो, कारण त्याच्या कपड्यांवरची धूळ हीच त्याच्या मुलाची विषबाधा असते. ठरावीक काळानं त्याच्या रक्तातलं शिसं मोजतात आणि ते वाढलं तर त्याला भट्टीपासून दूर ठेवतात.

यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. गाळणी, सांडपाणी, तपासण्या, कर, पगार. कढईवाल्याला यातलं काहीच लागत नाही, म्हणून तो भंगारवाल्याला जुन्या बॅटरीचे जास्त पैसे देऊ शकतो. कारखाना लगद्यातूनही शिसं काढतो, तरी खरेदीच्या वेळी तो हरतो. कायदा कितीही चांगला लिहिला, तरी हा फरक मिटेपर्यंत जुनी बॅटरी उताराच्या पाण्यासारखी कढईकडेच जाते.

आपल्याकडे २००१ मध्ये बॅटऱ्यांचे नियम आले. उत्पादकांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायच्या, पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, त्यानंतर ९०. नवी बॅटरी घेताना जुनी दिली तर दुकानदार पैसे कमी करतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले. त्यांत लिथियमसह सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या घेतल्या, आणि बॅटरी बाजारात आणणाऱ्याला तिच्या शेवटापर्यंत जबाबदार धरलं. दिशा बरोबर आहे. पण दुकानदाराकडून बॅटरी नोंदणीकृत कारखान्यातच गेली का, हे गिऱ्हाईक विचारत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या काही वर्षांनी, ई-रिक्षाच्या तर वर्षा-दोन वर्षांत बदलतात आणि थेट भंगारात जातात. वजन करण्याआधी आतलं ॲसिड गटारात ओतायचं, ही पद्धत पाहायला आफ्रिकेत जायची गरज नाही. त्या ॲसिडबरोबर शिशाची भुकटीही वाहून जाते.

२०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जगाचा अंदाज मांडला. ही प्युअर अर्थ म्हणजे पूर्वीची ब्लॅकस्मिथच. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचं त्यांनी म्हटलं. त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. हे सगळं बॅटऱ्यांमुळे नाही. रंग, भांडी, हळदीतली भेसळ अशी इतर कारणं आहेत. पण ढिसाळ पद्धतीनं फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या त्या यादीत फार वर आहेत.

लिथियम बॅटऱ्यांचा प्रश्न आता समोर येतो आहे, आणि त्याचं गणित उलटं आहे. शिसं काढायला फार सोपं आणि विकायला मौल्यवान, म्हणून ते चुकीच्या हातात जातं. लिथियमची बॅटरी नीट उघडणं अवघड, चूक झाली तर पेट घेणारी, आणि लोह-फॉस्फेट प्रकारात तर कोबाल्ट-निकेलही नाही, म्हणजे काढून विकायला फारसं काही उरत नाही. ती कोणाला नकोच असेल. पहिल्या बॅटरीला हावेनं पळवून नेतात, दुसरी कचऱ्यात पडून राहील. दोन्हींना एकच नियम लावून भागणार नाही असं मला वाटतं. लिथियमला गोळा करण्यासाठी पैसे द्यावे लागतील, आणि शिशाला कढईपासून वाचवण्यासाठी कारखान्याचा भाव कढईच्या भावापर्यंत आणावा लागेल, मग ते करात सवलत देऊन असो किंवा नव्या बॅटरीच्या किमतीत ठेव घेऊन.

थियारॉयची माती उचलली गेली, पण अंगात गेलेलं शिसं तसं उचलता येत नाही. रक्तातून ते काही आठवड्यांत कमी होतं, हाडांत मात्र दहा-वीस वर्षं आणि त्याहून जास्त राहतं. बाईला दिवस गेले की बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, आणि त्याच्यासोबत शिसंही. तपासलेल्या त्या ५० मुलांत मुलीही असणार. तेव्हा आईशेजारी मातीत बसलेल्या त्या मुली आता विशी ओलांडून आई होण्याच्या वयात आल्या आहेत.